ओल्या केसांची दुपार

त्या शनिवारची माझी शेवटची आठवण एरंडेलाची आहे. आमच्या कारखान्याला शनिवारी सुट्टी असते आणि एप्रिलमधला तो शनिवार मी वर्षाचा गहू भरण्यासाठी राखून ठेवला होता. गहू आधी गच्चीवर ऊन खाऊन आला होता. हॉलमध्ये जुनी चादर पसरली, तळव्यांना एरंडेल लावलं आणि ओंजळी ओंजळीने गहू चोळायला बसले. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. नवरा पंचवटीत भाजी आणायला गेला होता. उरलेलं पोतं चादरीकडे ओढताना मी एकदा जोर लावला, एवढं आठवतं.

त्यापुढची आठवण दवाखान्यातल्या ट्यूबलाइटची. मधे काही नाही. अंधार नाही, स्वप्न नाही, खूप वेळ गेल्याची जाणीवही नाही. कापडाचा मधला तुकडा काढून टाकावा आणि दोन कडा एकमेकींना शिवून टाकाव्यात, तसं.

मी पलंगावर बसलेली होते. हाताला सुई होती. नवरा स्टुलावर, लेक पायाशी. पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे मानेला गार लागत होतं. केस ओले होते, पाठीवर गाऊन भिजून चिकटला होता. तळवा नाकाशी नेला तर एरंडेलाचा वास नव्हता. साबणाचा होता.

"माझे केस ओले का आहेत?" मी विचारलं.

नवऱ्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा कळलं नाही.

"गव्हाची धूळ उडाली होती. तू डोकं धुतलंस," नवरा म्हणाला.

"बरं. आज वार कोणता?"

लेक ताडकन उभी राहिली. "पप्पा, हे नवीन आहे. हे तिने अजून विचारलं नव्हतं." आणि ती रडायला लागली. वार विचारण्यात रडण्यासारखं काय आहे, हे मला समजेना. मी पर्स कुठे आहे ते विचारलं, घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते विचारलं. प्रत्येक नव्या प्रश्नाला नवऱ्याचे खांदे थोडे थोडे खाली येत होते.

मेंदूचे डॉक्टर संध्याकाळी आले. तपासण्या झाल्या होत्या. पक्षाघात नाही, गाठ नाही, फिट नाही. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, समुद्रघोड्यासारखा दिसणारा एक छोटा भाग असतो. जे घडतं त्याची आठवण साठवायची तर ते त्याच्यामार्फत जावं लागतं. माझा तो भाग त्या दुपारी काही तास कामावर नव्हता. बाकी सगळं चालू होतं. बोलणं, चालणं, माणसं ओळखणं, दार उघडणं, नळ बंद करणं. फक्त नवीन काही टिकत नव्हतं, आणि अलीकडचं काही सापडतही नव्हतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. बोल्टपासून बेअरिंगपर्यंत जे आत येतं आणि बाहेर जातं त्याची नोंद माझ्या हातून होते. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते की नोंद नाही तर माल नाही. तेच मी डॉक्टरांना म्हणाले.

"म्हणजे माल आला, वापरला गेला, पण एंट्री झाली नाही."

"अगदी तसंच."

"मी बेशुद्ध होते का?"

"अजिबात नाही. पूर्ण शुद्धीत होतात. माझ्याशी छान बोललात. मला चहाही विचारलात."

मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"हे पुन्हा होईल?"

"बहुतेकांना होत नाही."

"बहुतेकांना."

"कोणालाच होत नाही असं मी म्हणणार नाही. कशाने होतं हेही आम्हाला नक्की ठाऊक नाही. जड उचलणं, मनाला धक्का, एकदम गार पाण्याची आंघोळ, असं काही आधी घडलेलं असतं असं दिसतं. कधी काहीच नसतं."

'बहुतेक' या शब्दावर मी आजवर एकही ऑर्डर सोडलेली नाही. त्या दिवशी मात्र तो शब्द घेऊनच घरी यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत गेले तर दोरीवर माझे कपडे वाळत होते. गाऊन, दुसरा गाऊन, तिसरा, वर एक पंजाबी ड्रेस, आणि घरातले झाडून सगळे टॉवेल. शनिवारी सकाळी धुणं मीच वाळत घातलं होतं आणि त्यात यातलं काही नव्हतं.

"इतके कपडे कोणी धुतले?"

"तू पाणी सांडलंस अंगावर," नवरा म्हणाला.

"चार वेळा?"

"अगं, झालं. आता कशाला." तो पेपर घेऊन आत गेला. तो पेपर आदल्या दिवसाचा होता.

त्या आठवड्यात मला भीती वाटायला लागली. आधी नाही वाटली. आधी तपासण्यांचे कागद फाइलला लावणं, रजेचा अर्ज, गहू कोठीत भरून टाकणं, ही कामं होती. ती संपल्यावर भीती आली. त्र्यंबक रोडने स्कूटरवर कामाला जाताना एखादा सिग्नल कधी मागे गेला ते आपल्याला आठवत नाही. सगळ्यांचंच तसं होतं. मला आता तसं झालं की मी स्कूटर कडेला घेऊन स्वतःला विचारायची, निघताना काय खाल्लं, लेक काय म्हणाली, गेटवर कोण होतं. उत्तरं आली की पुढे जायची. दुपारी डोळा लागायला आला की उठून बसायची. झोप म्हणजे काय, रोज कोणीतरी आपल्या हातून चावी काढून घेतं आणि सकाळी परत देतं. ती परत मिळेल हे आपण किती सहज धरून चालतो.

पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी मला भूल दिली होती. तेव्हाही मधला वेळ असाच कापला गेला होता, पण त्याची मला कधी भीती वाटली नाही. तेव्हा मी नव्हतेच. टेबलावर नुसतं शरीर होतं. या वेळी कोणीतरी होतं. ती चालली, बोलली, डॉक्टरांना चहा विचारला, आणि चार वेळा कपडे बदलले. ती मीच होते आणि तिने काय पाहिलं ते मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी नणंद आली. ती नवऱ्यापेक्षा मोठी, पंचवटीत राहते, तिच्या सासरी पौरोहित्य आहे. येताना तिने अंगारा आणला, माझ्या कपाळाला लावला आणि खुर्चीत बसली.

"तुझ्या आईचं काहीतरी राहिलंय गं. वर्षश्राद्ध झालं, पण मन अडकलंय तिचं. त्र्यंबकला एकदा विचारून घेऊ."

माझी आई त्याआधीच्या वर्षी गेली. सिन्नरला भावाकडे होती. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही.

"वन्सं, एमआरआय झालाय. सगळं स्वच्छ आहे."

"एमआरआयमध्ये आई दिसते का?"

"नाही दिसत."

"मग? आणि आईचं काही नव्हतं तर सारखी आंघोळीला का जात होतीस?"

स्वयंपाकघरातून नवऱ्याने "ताई" अशी हाक मारली, पण उशीर झाला होता. नणंदेने दोघांकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलला. "सांगितलं नाही होय तिला. मला काय माहीत. घाबरून मलाच फोन केला होतास ना."

ती गेल्यावर मी लेकीसमोर गवार घेऊन बसले. हातात काम असलं की माणूस खरं बोलतो, असा माझा अनुभव आहे.

"सांग."

"मम्मी, नको ना."

"मी तिथे होते. मला कळायला हवं."

"तू तिथे होतीस, पण..." तिने एक शेंग इतकी बारीक मोडली की ती टाकूनच द्यावी लागली. "मी बाहेर आले तर तू तेलाचे हात घेऊन बसली होतीस. म्हणालीस, हा गहू कोणी आणला? मला वाटलं गंमत करतेयस. मग म्हणालीस, आजीचा डबा भरला का?"

दरवर्षी आईचा डबा मीच पाठवायची. भावजय गहू भरायचीच, पण आईला माझ्या हाताने तेल लावलेला एक डबा वेगळा लागायचा.

"मी म्हटलं, मम्मी, आजीला कसा पाठवणार? तू म्हणालीस, का, काय झालं आजीला? आणि मी... मी सांगितलं. मला कळलंच नाही गं काय करायचं."

"मग मी काय केलं?"

"गप्प बसलीस. मग म्हणालीस, कधी? मग म्हणालीस, मामाला कळवलं का, गाडी सांगा. मग, मी आधी डोक्यावरून पाणी घेते, पारोशी कशी निघू."

आमच्याकडे जवळचं कोणी गेल्याची बातमी आली की डोक्यावरून आंघोळ करतात. त्यात विचार नसतो, पाय आपोआप न्हाणीकडे वळतात.

"मला वाटलं धक्का बसलाय. आंघोळीने बरं वाटेल. तू बाहेर आलीस, दारात उभी राहिलीस, केसांना हात लावलास, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, माझे केस ओले का आहेत? कोण गेलं?"

गवारीच्या शेंगा ताटात तशाच पडल्या. दवाखान्यात मी भानावर आल्यावर बोललेलं माझं पहिलं वाक्य मला आठवलं. पहिलं माझ्यापुरतं होतं. त्या दोघांनी ते दुपारभर ऐकलं होतं.

"तू परत सांगितलंस?"

"सांगितलं. तू गप्प बसलीस. मग म्हणालीस, कधी. मामाला कळवलं का. गाडी सांगा." ती माझ्याच आवाजात बोलत होती, माझ्याच ठेक्यात. "मम्मी, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. थांबायचीस पण तिथेच. पारोशी म्हणताना पदर नसताना पदर सावरायचीस."

नवरा येऊन जमिनीवर बसला. एरवी तो जमिनीवर बसत नाही, त्याचे गुडघे दुखतात.

"मी आलो तेव्हा हिच्या तोंडात शब्द उरले नव्हते. मीच म्हटलं, आता खरं सांगू नको. तू बाहेर आलीस, विचारलंस कोण गेलं. मी म्हटलं, कोणी नाही, आई बऱ्या आहेत, झोपल्यात."

"मग?"

"तू केस पुढे घेऊन दाखवलेस मला. म्हणालीस, मग हे काय आहे? मग एकेकाचं विचारत गेलीस. दादा आहे ना? वहिनी? दादाची मुलं? ताई? आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होतीस, कोणाच्या नावाला आम्ही डोळे चुकवतो ते. तुझं अंग थरथरत होतं. खरं ऐकताना एकदाही तशी थरथरली नव्हतीस. शेवटी मी सांगून टाकलं. तेव्हा शांत झालीस." त्याने ताटातली एक शेंग उचलून परत ठेवली. "आणि आंघोळीला गेलीस."

"कडी का लावू दिलीत?"

"कडी नाही लावू दिली. दार मीच धरून बसलो होतो. हात धरला तर तू माझ्याकडे असं बघायचीस, जसं काही मी तुला तुझ्या आईकडे जाऊ देत नाहीये."

त्या रात्री मी जेवले, भांडी आवरली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पण दोन गोष्टी मनातून जाईनात. एक म्हणजे तो क्रम. आई खरोखर गेली तेव्हा भावाच्या बायकोने फोन केला होता, आणि मी तिला विचारलं होतं, कधी, दादाला कळवलं का, आणि नवऱ्याला म्हणाले होते, गाडी सांगा. अगदी तेच. मला वाटायचं तेव्हा मी धीराने वागले. आता वाटायला लागलं की आत कुठेतरी एक ठरलेली ओळ आहे, कळ दाबली की ती सुरू होते, आणि तिलाच मी इतकी वर्षं 'मी' म्हणतेय.

दुसरी गोष्ट तिची, त्या दुपारच्या बाईची. तिला आई गेल्याचं प्रत्येक वेळी पहिल्यांदा कळलं होतं. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं की तिला जे वाटलं ते खरं होतं का.

"त्या वेळी खरं होतं."

"आता कुठे आहे?"

"कुठेच नाही. साठवलंच गेलं नाही. उलट बरं झालं ना?"

त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. पण ते कुठेच नव्हतं असं नाही. ते सगळं माझ्या नवऱ्याकडे आणि लेकीकडे होतं. लेक अजूनही मी न्हाणीत गेले की बाहेर येऊन उभी राहत होती, हातात पुस्तक धरून, एकही पान न उलटता.

तेव्हा मी ठरवलं की पुन्हा झालं तर काय करायचं ते आत्ताच, डोकं ठिकाणावर असताना पक्कं करायचं. शनिवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याला बसवलं.

"पहिलं, लगेच दवाखाना. वन्संना फोन नाही."

"बरं."

"दुसरं, न्हाणीची कडी काढून टाकायची."

"आज काढतो."

"तिसरं. मी आईचं विचारलं तर सांगायचं, बरी आहे."

तो माझ्या केसांकडे बघत राहिला.

"काय?"

"आणि केस ओले असले तर?"

"होऊ देऊ नका ओले."

"आणि कोरडे असतानाही आमच्या तोंडावरून ओळखलंस तर? तू स्टोअरमध्ये चोरी तोंडावरून ओळखतेस."

मी विचार केला. त्या थरथरणाऱ्या बाईचा विचार केला, जी एकेकाचं नाव घेत होती आणि ज्या नावाला समोरचे डोळे चुकवतील तो मेला असेल असं समजत होती.

"मग खरं सांगा. पण तुम्ही सांगा. पोरीकडून नको."

"मला जमेल असं वाटत नाही," तो म्हणाला. "तू ऐकलंस आणि विसरलीस. मी सांगितलं आणि मला प्रत्येक वेळ आठवते. तू पाहिलेलं नाहीस तुझं तोंड." त्याने चष्मा काढून पुसला, तो स्वच्छ होता. "पण सांगेन. दुसरं कोण सांगणार."

एवढं कबूल करून घेतल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. कागदावर सगळं नीट बसलं होतं. पण ते सगळं दुसऱ्यांनी करायचं होतं. माझ्या हातात काय होतं? दुसऱ्या दिवशी मी पार्लरमध्ये गेले आणि पाठीवर रुळणारे केस मानेपर्यंत कापून टाकायला सांगितले. पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, इतके छान केस, मन होतं कसं?" मी म्हटलं, लवकर वाळायला हवेत. तिला वाटलं कामाच्या घाईचं बोलतेय.

नणंदेने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता कापलेस? वर्ष उलटून गेल्यावर?"

"वाळायला सोपे पडतात, वन्सं."

"पुरुषासारखी दिसतेस."

"मग काय, तुम्हाला अजून एक भाऊ."

ती हसली आणि मग हसू आवरून पुन्हा त्र्यंबकचं म्हणाली. मी म्हटलं, जाऊ एकदा. तिच्या समाधानासाठी जायला माझी हरकत नाही.

यंदा पुन्हा गहू भरला. पोतं नवऱ्याने उचललं, मला हात लावू दिला नाही. लेकीने एरंडेल चोळलं आणि मी नुसती बसून दाणे निवडले. रिकामा राहिलेला आईचा डबा तिने न विचारता माळ्यावर ठेवून दिला.

एरवी सगळं ठीक आहे. कामावर कोणाला फारसं माहीत नाही. पण रविवारी मी डोक्यावरून न्हाते, कडी नसलेलं दार ढकलून बाहेर येते आणि सवयीने हात मानेकडे जातो. केस आखूड आहेत पण ओलेच असतात. हॉलमध्ये नवऱ्याचा पेपर खाली येतो.

"आज वार कोणता?" तो विचारतो, दूध आलं का असं विचारावं इतक्या सहज.

"रविवार."

पेपर पुन्हा वर जातो. पण हात केसांना लागणं आणि उत्तर येणं यांच्यामध्ये एक जागा असते, अगदी लहान. त्या जागेत मी घाईघाईने सगळ्यांना शोधते. हे समोर बसलेत. लेक आत आहे, तिच्या मोबाइलचा आवाज येतोय. दादाचा काल फोन आला होता. मग आई गेल्याचं आठवतं, आणि माझा जीव भांड्यात पडतो.